पंचगंगेकाठी नवे घर : पूरविमा न घेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

कोल्हापुरात नवा फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबाला पहिल्या काही महिन्यांत असंख्य निर्णय घ्यावे लागतात. ओट्याला काळा ग्रॅनाइट की पांढरा, देवघर ईशान्येला बसते की नाही, वास्तुशांतीला किती पाने आणि दुसऱ्या दिवशीच्या तांबड्या-पांढऱ्याला किती. भांडणे होतात, पण हे प्रश्न सुटतात. एक प्रश्न मात्र १९८९च्या पुरानंतर सुटला नाही, २००५ नंतर सुटला नाही, २०१९ आणि २०२१ला पाठोपाठ पाणी येऊन गेले तरी सुटला नाही : घराला पुराचा विमा उतरवायचा का?

एवढा साधा प्रश्न इतकी वर्षे लोंबकळत ठेवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. त्याला पद्धत लागते. ती गल्लोगल्ली वापरात आहे, तिची लेखी नोंद तेवढी नव्हती. नव्या घरमालकांची गैरसोय होऊ नये म्हणून ती येथे पायरीपायरीने देत आहोत.

पात्रता

शाहूपुरी, रमणमळा, नागाळा पार्क, बापट कॅम्प, बावडा रोड आणि नदीच्या बाजूला नव्याने उगवलेल्या सर्व 'रिव्हर व्ह्यू' योजनांतील घरमालक या पद्धतीस पात्र आहेत. ज्यांचे घर विद्यापीठाकडच्या चढावर आहे, त्यांना या मार्गदर्शिकेचा उपयोग मर्यादित. पुरात सगळे नातेवाईक त्यांच्याच घरी येतात, त्यामुळे त्यांनी विम्यापेक्षा सतरंज्यांचा विचार करावा.

पायरी १ : चौकशी योग्य माणसाकडेच करावी

जागेला पाणी लागते का, हे बिल्डरला विचारावे. दुसऱ्या कुणालाही विचारू नये. बिल्डर सांगेल, "आपल्या स्कीमला काय पाणी येत न्हाई ओ." हे विधान शंभर टक्के खरे असते, कारण २०२१ला ती स्कीमच नव्हती, तिथे उसाचे रान होते. पाणी रानात आले होते.

पुढील व्यक्तींशी बोलणे कटाक्षाने टाळावे : समोरच्या कौलारू घरातल्या आजी, कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला, आणि शेजारच्या जुन्या अपार्टमेंटचा वॉचमन. यांना गेल्या चारही पुरांची पातळी आपल्या अंगावर मोजता येते. "एकोणनव्वदला गुडघाभर हुतं, पाचला कंबरंएवढं, आनि एकोणीसला तर आमी पत्र्यावर हुतो," असे त्या आजी सांगू लागल्या, तर घड्याळाकडे पाहून निघावे. जवळच्या एखाद्या भिंतीवर कुणी रेघ ओढून '२०१९' लिहिले असेल, तर तिच्याकडे पाठ करून उभे राहावे. बुकिंगच्या फोटोत ती येता कामा नये.

खिडकीतून नदी दिसते म्हणून चौरस फुटाला जादा दर मोजला असेल, तर त्यात समाधान मानावे. तुम्हाला जिथून नदी दिसते, तिथून नदीलाही तुम्ही दिसता, हा विचार मनात आल्यास पडदा लावून घ्यावा.

पायरी २ : सगळ्यांचे फूट मोजावेत, आपले सोडून

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होते. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात गावात कोणी कोणाला "कसं काय?" विचारत नाही, "किती फूट?" विचारतात. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, हे तर घरातली शेंबडी पोरेही सांगतात. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळेला पाणी ५५ फुटांच्या वर गेले, म्हणजे धोक्याच्या खुणेवर आणखी बारा फूट. २०२४च्या जुलैतही धोका पातळी ओलांडली गेली.

हे सर्व आकडे जरूर पाठ करावेत. एकच आकडा माहीत करून घेऊ नये : बंधाऱ्यावर किती फूट झाले की आपल्या फाटकाशी पाणी येते, आणि त्यापुढे किती फुटांना ते उंबरा ओलांडते. सुतारवाड्यातल्या माणसाला आपला आकडा माहीत असतो. म्हणून तो बातम्या न ऐकता गाठोडी बांधून वेळेत चित्रदुर्ग मठाकडे निघतो. तुम्हाला तो आकडा कळला, तर विम्याचा निर्णय पाच मिनिटांत होईल आणि ही मार्गदर्शिका वाया जाईल.

तरीही मनात चलबिचल झाली, तर ताबडतोब चहाच्या टपरीवर जाऊन अलमट्टीचा विषय काढावा. धरणाची पातळी ५१९ मीटर ठेवायची की ५२४ करायची, कर्नाटकाने विसर्ग कधी वाढवायला हवा होता, यावर तिथे दोन-तीन तास सहज जातात. "तुमचा हॉल समुद्रसपाटीपासून किती मीटरवर हाय ओ?" असे कुणी मध्येच विचारले, तर त्याचा चहा आपण द्यावा आणि घरी यावे.

पायरी ३ : दोन रेषा आणि एक गैरसमज जपावा

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा म्हणजे ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटी घालून परवानगी. त्यातली मुख्य अट अशी, की जोते लाल रेषेच्या पातळीहून उंच हवे. म्हणून तर अशा इमारतीत खाली पार्किंग असते.

'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ मार्गदर्शिकेच्या दृष्टीने असा घ्यावा : २०१९ला येऊन गेला, आता थेट २११९ला. तो २०२१ला कसा काय परत आला, हा प्रश्न नदीच्या शिस्तीचा आहे, आपल्या आकलनाचा नव्हे.

खरा अर्थ पुढे दिला आहे. कमकुवत मनाच्या वाचकांनी हा परिच्छेद गाळावा. शंभर वर्षांतला एक म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता, मग मागच्या वर्षी आला असो वा नसो. तुमचे गृहकर्ज वीस वर्षांचे असेल, तर त्या वीस वर्षांत लाल रेषेपर्यंतचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के निघते. निळ्या रेषेच्या पुराची त्याच काळातली शक्यता सुमारे ५६ टक्के. म्हणजे शेवटचा हप्ता फिटण्याआधी तो येण्याची शक्यता न येण्याहून जास्त. शिवाय हा हिशोब नदीचे पात्र, भराव आणि पाऊस पूर्वीसारखेच राहतील, असे धरून केलेला आहे. तुमच्या इमारतीमागे सध्या किती डंपर मुरूम पडतो आहे, ते मोजू नये.

पायरी ४ : मजल्याचा आधार घ्यावा

"आमी चौथ्या मजल्यावर हाय. तिथवर पाणी आलं तर अख्खं कोल्हापूर गेलं," हे वाक्य आरशासमोर उभे राहून म्हणावे. ते बिनतोड आहे, कारण त्यात फक्त फ्लॅटचा विचार आहे. मीटररूम तळाला असते. लिफ्टची मोटर, पाण्याची भूमिगत टाकी, तिचा पंप आणि जनरेटर तळालाच असतात. शिंगणापूर-बालिंग्याची उपसा केंद्रे पाण्यात गेली, की शहराचा नळ बंद होतो आणि चौथ्या मजल्यावरचा माणूस चहूकडे पाणी पाहत बाटलीभर पाण्यासाठी जिना उतरतो.

या सामाईक वस्तूंचे काय, हा प्रश्न सोसायटीच्या वार्षिक सभेत निघू शकतो. सोसायटीला इमारतीचा विमा उतरवता येतो आणि त्याचा खर्च देखभालीच्या बिलात लावता येतो. हा विषय 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली ठेवावा. तिथवर सभा पोहोचत नाही. पोहोचलीच, तर पुढील संवाद आपोआप घडतो :

"तळमजलेवाल्यांनी निम्मा भरावा. पाणी त्यांच्याकडं येतंय."

"लिफ्ट आमी वापरत न्हाई, काका. मग लिफ्टचं तुमी भरा."

"बरं, पुढच्या सभेला घेऊ."

चारचाकीचा प्रश्न वेगळा. पार्किंगमधली गाडी घराच्या विम्यात येत नाही, तिची पॉलिसी स्वतंत्र. त्यातही केवळ थर्ड पार्टी असेल, तर बुडलेल्या गाडीचे काही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असली, तरी पाण्यात उभ्या गाडीला चावी मारून इंजिनात पाणी ओढून घेतल्यास, इंजिन संरक्षणाची जोड नसेल तर कंपनी हात वर करते. पाणी ओसरल्यावर "चालू होतीया का बघू" म्हणून चावी फिरवणाऱ्या दाजींना ही माहिती आधी देऊ नये.

पायरी ५ : 'आपला विमा हाय की' या समजात राहावे

कर्ज घेताना चाळीस-पन्नास सह्या केलेल्या असतात. त्यांतली एक कसल्या तरी विम्यावर होती, एवढे आठवते. तेवढ्यावर थांबावे. फाईल उघडू नये.

उघडल्यास असे निघू शकते, की तो विमा तुमच्या जिवाचा आहे. कर्ज फिटण्याआधी तुम्ही गेलात, तर बँकेचे पैसे भागतात. घर पाण्यात गेले आणि तुम्ही ठणठणीत राहिलात, तर त्यातून कुणालाच काही मिळत नाही, उलट महिन्याच्या पाच तारखेला हप्ता कापला जातो. काही वेळा तो खरोखरच घराचा विमा असतो, पण त्यात फक्त भिंती आणि छत धरलेले असते. फ्रिज, गाद्या, कपाट आणि पोरांची दप्तरे त्यात नसतात. दोन्ही गोष्टी पॉलिसीच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या असतात. म्हणूनच पहिले पान वाचू नये.

पायरी ६ : चुकीची वस्तू मागावी

विमा प्रतिनिधीकडे जाऊन "फक्त पुराचा विमा द्या" म्हणावे. तो म्हणेल, असा सुटा मिळत नाही. "बघा, मिळतच न्हाई," असे म्हणून हलक्या मनाने घरी यावे.

प्रतिनिधी चिवट निघाला, तर तो पुढचे सांगेल. १ एप्रिल २०२१पासून विमा नियामकाने घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना विकायला लावली आहे. तिच्यात आग, वीज, भूकंप, वादळ, भूस्खलन यांच्याबरोबर पूर आणि पाणी साचणे हेही येते. सामानासाठी वेगळी यादी न देता घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, सामानाचे संरक्षण धरले जाते. घर राहण्यालायक उरले नाही, तर दुसरीकडच्या भाड्याचीही तरतूद आहे. हे ऐकताना कान बंद ठेवावेत.

ते जमले नाही, तर निदान रक्कम चुकीची काढावी. फ्लॅटची किंमत साठ लाख, म्हणून साठ लाखांचा विमा मागावा आणि हप्ता ऐकून "परवडत न्हाई" म्हणावे. वास्तविक विमा बांधकामाचा असतो, जमिनीचा आणि बाजारभावाचा नसतो. पूर जमीन घेऊन जात नाही, घेऊन गेलाच तर परत गाळासकट आणून देतो. समजा, चटई क्षेत्र ९०० चौरस फूट आणि पुन्हा बांधायचा खर्च चौरस फुटाला २,००० रुपये. मग विम्याची रक्कम १८ लाख आणि त्यावर सामानाचे ३ लाख ६० हजार. त्याचा वर्षाचा हप्ता बहुतेक ठिकाणी घरच्या वायफायच्या वर्षभराच्या बिलाहून कमी बसतो. परवडत नाही, हे कारण इथे कोसळते, म्हणून हा हिशोब कागदावर मांडू नये.

एक सोय मात्र आहे. या पॉलिसीत रोख नोटा, नाणी, कागदपत्रे आणि हस्तलिखिते येत नाहीत, आणि दागिन्यांसाठी वेगळे सांगून जादा भरावे लागते. "सोनं येत न्हाई व्हय? मग काय उपेग?" असे म्हणून उठण्यास ही उत्तम जागा आहे. सोने बँकेच्या लॉकरमध्ये असले, तरी हे वाक्य वापरता येते.

पायरी ७ : हप्ता 'वाया' जातो, हे सिद्ध करावे

घरात कुणी तरी, बहुधा वहिनी, मुद्द्याचे बोलण्याचा धोका असतो. त्यासाठी उत्तरे तयार ठेवावीत.

"अहो, दोन-अडीच हजारांचं तर काम आहे. भरून टाकू या की."

"आणि पाणीच आलं नाही तर? गेले ना पैसे?"

"म्हणजे पाणी यावं असं तुम्हाला वाटतंय?"

इथे वर्तमानपत्र उघडावे. यापुढे या संवादात तुमची बाजू टिकत नाही.

भरलेल्या पैशांचे काही तरी हातात यायलाच हवे, या तत्त्वावर आपण भिशी लावतो, आयुर्विमा घेतो आणि मुदतीअंती मिळणाऱ्या रकमेचे गणित बोटांवर करतो. घराच्या विम्यात वर्षअखेरीस हातात काहीच येत नाही. घर मात्र कोरडे असते. त्याची पावती मिळत नाही, म्हणून ते हिशोबात धरायचे नाही.

धोक्याची सूचना : या पायरीवर एक प्रश्न विचारला जाऊ शकतो. घरातले सगळे सामान एका रात्रीत गेले, लाद्या, वायरिंग आणि रंग पुन्हा करावे लागले, तर तो चार-पाच लाखांचा खर्च कर्ज न काढता, मुलीच्या शिक्षणाला हात न लावता उभा राहील का? उत्तर 'हो' असेल, तर तुम्हाला विम्याची खरोखर गरज नाही आणि ही मार्गदर्शिका मिटवून ठेवायला हरकत नाही. उत्तर 'नाही' असेल, तर प्रश्न ऐकू आला नाही, असे दाखवावे.

पायरी ८ : मुहूर्त साधावा

विमा उतरवण्याचा विचार करण्यास सर्वोत्तम काळ म्हणजे जुलैअखेर, बंधाऱ्यावर ४१ फूट, राधानगरीचा पाचवा दरवाजा नुकताच उघडलेला. या वेळी प्रतिनिधीला फोन लावावा. तो उचलणार नाही, तोही आपले सामान वर चढवत असतो. उचललाच, तरी दारात आलेल्या पाण्याचा विमा उतरवण्याइतक्या कंपन्या भोळ्या नसतात. अशा रीतीने प्रयत्न केल्याचे समाधान मिळते आणि हप्ताही वाचतो. ऑक्टोबरात, गाळ वाळल्यावर, हा विषय आपोआप संपतो. फेब्रुवारीत तो काढणाऱ्याला गावात वेड्यात काढतात.

परिशिष्ट : चुकून विमा घेतलाच असेल, तर

मग तो निष्फळ करण्याचे उपाय आहेत. पाणी ओसरताच फोटो न काढता घर धुवावे. भिजलेल्या गाद्या, फ्रिज आणि फर्निचर सर्वेक्षक येण्याआधीच महापालिकेच्या ट्रॅक्टरमध्ये टाकावे. खरेदीची बिले त्याच कपाटाच्या खालच्या खणात ठेवावीत. कंपनीला कळवायची घाई करू नये, दिवाळीनंतर निवांत कळवावे. तलाठ्याने येऊन पंचनामा केला म्हणजे विमा कंपनीचेही काम झाले, असे समजावे. वस्तुतः तो पंचनामा सरकारी अनुदानासाठी असतो आणि कंपनीचा सर्वेक्षक वेगळा येतो, पण दोघांना एकच चहा पाजला की फरक कशाला राहतो?

हमीपत्राचा नमुना

आठही पायऱ्या यशस्वीपणे पार केलेल्या घरमालकाने पुढील हमीपत्र भरून ठेवावे.

मी, खाली सही करणार, राहणार पंचगंगेपासून ______ अंतरावर (बिल्डरने सांगितलेले / स्वतः चालून मोजलेले, नको ते खोडावे), लिहून देतो की,

१. बंधाऱ्यावर ____ फूट झाले की माझ्या पार्किंगला पाणी लागते. (जागा रिकामी सोडल्यास चालेल.)

२. कर्जाच्या मुदतीत पूर येण्याची शक्यता मी वाचली आहे आणि ती इतरांना लागू आहे.

३. घरात पाणी शिरल्यास लागणारे ____ लाख रुपये मी पुढीलपैकी एका ठिकाणाहून उभे करीन : (अ) बचत, (ब) सासुरवाडी, (क) कर्नाटक शासन.

४. सदर निर्णय मी पूर्ण शुद्धीत, कोरड्या ऋतूत, वरच्या मजल्यावर बसून घेतला आहे.

सही : ______

साक्षीदार : तळमजल्यावर किमान २०१९पासून राहणारी कोणतीही एक व्यक्ती. साक्षीदाराने सहीस नकार दिल्यास किंवा हसण्यास सुरुवात केल्यास हे हमीपत्र रद्द समजावे आणि कचेऱ्या बंद व्हायच्या आत जाऊन विमा उतरवावा.